आडात आहे, पण पोहरा कुठे आहे?

पूर आला, वादळ झाले, भूकंप झाला किंवा वीज आठवडाभर गेली की पुढचे काही दिवस एकच वाद रंगतो. एक बाजू म्हणते, प्रत्येक कुटुंबाने अन्न, पाणी, इंधन स्वतःपुरते भरून ठेवावे, कारण वेळेला कोणी येत नाही. दुसरी म्हणते, हा भीतीचा बाजार आहे. माणूस समाजात राहतो, यंत्रणा कमी पडत असेल तर यंत्रणा सुधारा, घराघरात कोठारे उभारू नका. मग सगळे भांडण एका आकड्यावर येऊन थांबते: तीन दिवसांचा साठा पुरे, की तीन महिन्यांचा हवा? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. जे कुटुंब आपल्या जमिनीवर राहते, जमेल तेवढे स्वतः पिकवते, जनावरे पाळते, त्याच्यासाठी तर नक्कीच. अशा घराची तयारी साठ्याच्या दिवसांत मोजता येत नाही. पाणी काढणे, शिजवणे, उजेड, दूध काढणे, औषध, मैला यांपैकी प्रत्येक कामाला रोजच्या वाटेशिवाय दुसरी वाट आहे का, आणि ती वाट वर्षभर वापरात असते का, यावर ती मोजावी लागते.

पाण्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळे तिथेच आधी अडते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. आजच्या शेतघराची अडचण नेमकी उलटी आहे. आडात भरपूर आहे, पोहराच नाही. पन्नास मीटरवर पाणी आहे, त्यात पाणबुडी मोटार आहे आणि मोटारीला वीज लागते. वीज गेली की स्वतःच्या मालकीच्या पाण्यावर बसून घर तहानलेले राहते. हिशेब मांडून पाहा. माणशी पिणे, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता धरून दिवसाला 15 लिटर. पाच माणसांचे 75. दुभत्या गाईला 70 लिटर तरी हवेत, कडक उन्हात शंभराच्या पुढे. सहा शेळ्यांना मिळून 35, वीस कोंबड्यांना सहा-सात. म्हणजे रोजचे सुमारे 185 लिटर, आणि त्यातले निम्म्याहून जास्त जनावरांचे. तयारीच्या बहुतेक याद्यांत माणशी चार लिटर लिहिलेले असते. ते शहरातल्या सदनिकेला ठीक आहे. गोठा असलेल्या घराने तो आकडा वाचून समाधान मानले, तर दुसऱ्या दिवशी दुपारी जनावरे हंबरू लागतात.

उघडी विहीर असेल तर कप्पी, दोर आणि दोन बादल्या हीच दुसरी वाट. दोर मात्र पाण्याची उन्हाळ्यातली खोली मोजून घ्यावा, पावसाळ्यातली नव्हे. बोअर असेल तर हातपंप लागतो, आणि इथे एक चूक फार होते. वर बसवलेला, हवा ओढून पाणी उचलणारा पंप व्यवहारात सात मीटरच्या पलीकडून पाणी उचलू शकत नाही. हवेच्या दाबाचीच ती मर्यादा आहे, महागडा पंप घेऊन ती ओलांडता येत नाही. त्याहून खोल पाण्यासाठी सिलिंडर पाण्याच्या आत सोडलेला, लांब दांड्याचा हातपंपच हवा. तोही परवडत नसेल तर पीव्हीसी पाइपचा पोहरा करता येतो. 75 मिलिमीटर व्यासाचा, मीटरभर लांबीचा पाइप, तळाशी वर उघडणारी झडप, वर कडी आणि दोर. एका खेपेला साधारण चार लिटर येतात. पण बोअरमध्ये मोटार, तिचा पाइप आणि केबल असताना हा पोहरा आत सोडला तर तो अडकतो आणि बोअर कायमचे बंद पडण्याची भीती असते. मोटार आधी बाहेर काढावी लागते, आणि ती काढायला लागणारा तिकाटणा (तीन खांब वर बांधून केलेली घोडी), साखळी व क्लॅम्प किती घरांत असतात? शिवाय 185 लिटर म्हणजे जवळपास 46 खेपा. तीस मीटरवरून एक खेप दोन मिनिटांत धरली तरी दीड तास झाला, तोही खांदे भरून आल्यावर वाढतो. म्हणून पोहरा माणसांपुरता ठेवावा आणि जनावरांसाठी दोन हजार लिटरची टाकी तीन मीटर उंच ओट्यावर बसवावी. मोटार चालू असताना ती रोज भरायची, नळ उताराने गोठ्यात सोडायचा. वीज गेली तरी वरच्या हिशेबाने माणसांचे पाणी धरूनही दहा दिवस निघतात, आणि रोज वापरात असल्याने पाणी साचून खराबही होत नाही.

छप्पर ही तिसरी वाट. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या छपरावर 20 मिलिमीटरची एक सर पडली तर गळती, शिंतोडे वजा करून 1,600 लिटर हाती लागावेत. पहिले शंभर लिटर तरी बाहेर सोडावे लागतात, कारण छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यातच येते. टाकीला उजेड लागला की शेवाळ धरते. जाळी आत येणाऱ्या तोंडाला लावली जाते, पण जास्तीचे पाणी बाहेर जाण्याच्या पाइपाला लावायची राहते आणि डास तिथूनच आत जातात. पिण्यासाठी पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसेच ठेवावे, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे. उकळणे शक्य नसेल तर 5 ते 6 टक्क्यांचे, वास न घातलेले घरगुती ब्लीच लिटरला दोन थेंब, आणि अर्धा तास थांबणे. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्यावे, कापडातून गाळावे आणि थेंब दुप्पट घालावेत. अर्ध्या तासाने क्लोरीनचा हलका वास यायला हवा. तो येत नसेल तर तेवढेच थेंब पुन्हा घालून आणखी पंधरा मिनिटे थांबावे. ब्लीच बाटलीतच हळूहळू मरते, सहा महिने ते वर्षभरात त्याचा जोर कमी होतो; बाटलीवर तारीख टाकणारे घर आणि न टाकणारे घर यांत फार मोठा फरक असतो. आणि पुराच्या पाण्यात कीटकनाशक किंवा डिझेल मिसळले असेल तर उकळणे आणि ब्लीच दोन्ही निरुपयोगी आहेत. ते पाणी पिऊ नये, इतकेच.

आता विरोधी बाजूचा सर्वांत जड मुद्दा. संपूर्ण स्वयंपूर्णता अशक्य आहे, आणि तिचा हट्ट घातक आहे, असे ते म्हणतात. हे खरे आहे आणि इतिहास त्यांच्या बाजूने आहे. 1845 मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला तेव्हा तिथली लाखो गरीब कुटुंबे आपल्या तुकड्यावर पिकवलेल्या अन्नावरच जगत होती. बाजारातून फारसे काही विकत घ्यावे लागत नव्हते. आजच्या भाषेत ती स्वावलंबीच म्हणायची. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. म्हणजे स्वतःचे पिकवणे हे कवच ठरले नाही. पण का ठरले नाही? जमीन खंडाची होती, धान्य खंड भरण्यासाठी जात होते आणि पोट भरायला उरले होते एकच पीक, त्यातही बहुतांश एकाच जातीचे. बटाटा कंदापासून लावतात, त्यामुळे शेतामागून शेत जणू एकाच झाडाच्या प्रतींनी भरलेले होते. एका रोगाला एक बळी पडला म्हणजे सगळेच पडले. दुसरी वाट नव्हती, हे त्या दुष्काळाच्या मुळाशी होते, आणि मदत देणाऱ्या सरकारने हात आखडता घेतला हेही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तेव्हा या उदाहरणावरून स्वावलंबन सोडून द्या असा निष्कर्ष निघतो का? मला त्यातून एवढेच दिसते की एकाच पायावर उभे असलेले घर पडते, मग तो पाय बाजाराचा असो, सरकारचा असो की स्वतःच्या शेताचा.

दुसरा आक्षेप पैशांचा. जनरेटर, सौर पॅनेल, बॅटऱ्या हा सधनांचा छंद आहे. गरीब कुटुंबाने काय करावे? या आक्षेपातले तथ्य मान्य करूनही मी म्हणेन की खर्च आणि उपयोग यांचे नाते इथे जवळजवळ उलटे आहे. दोर, पिंप, ब्लीच, साबण, मीठ-साखर, चांगला पान्हा, हाताने दूध काढण्याची सवय यांनी जे वाचते ते जनरेटरने वाचत नाही. अतिसारात मूल दगावते ते पाणी आणि क्षार कमी पडून. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ एवढ्यावर ते टाळता येते. प्रमाण चुकले, विशेषतः मीठ जास्त पडले, तर मात्र अपाय होतो, म्हणून ते भिंतीवर लिहूनच ठेवावे.

उलट महागड्या वस्तू ऐन वेळी दगा देतात, आणि त्याची कारणे ठरलेली आहेत. जनरेटरच्या टाकीत राहिलेले पेट्रोल तीन ते सहा महिन्यांत शिळे होते, इथेनॉल मिसळलेले तर ओलही धरते. कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात चिकट थर बसतो आणि वर्षाने दोरी ओढली की यंत्र सुरू होत नाही. महिन्यातून एकदा, भार देऊन, वीस-तीस मिनिटे चालवावे आणि बंद करताना इंधनाचा कॉक आधी बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ द्यावा. छोटा जनरेटर अर्ध्या भारावरही तासाला लिटरच्या आसपास पितो, म्हणजे वीस लिटरचा कॅन एका दिवसाचा. तो सतत चालवायचा नसतोच. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. तेवढ्यात टाकी भरते, फ्रीज गार होतो, बॅटरी चार्ज होते. तो घरापासून, दारे-खिडक्यांपासून सहा मीटर तरी लांब ठेवावा, पाऊस असला तरी ओसरीत आणू नये. फेब्रुवारी 2021 च्या गारठ्यात टेक्सासमध्ये वीज गेली, तेव्हा घरात शेगड्या पेटवून, गॅरेजमध्ये गाड्या आणि जनरेटर चालवून शेकडो लोक कार्बन मोनॉक्साइडने बाधित झाले, काही मेलेही. त्या वायूला वास नसतो. आणि जनरेटर घरच्या प्लगमधून उलटा जोडण्याची युक्ती कोणी सांगितली तर ती ऐकू नये. ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलट जाऊन उच्च दाबाने तारेवर चढते आणि दुरुस्तीला खांबावर चढलेला माणूस जिवाला मुकतो. घराला एका वेळी एकतर तारेची किंवा जनरेटरचीच वीज जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवण्याला पर्याय नाही.

सौर पॅनेलबाबतही असाच गैरसमज आहे. ग्रिडला जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद पडते, भर दुपारी सुद्धा. तारेवर काम करणाऱ्याच्या सुरक्षेसाठी तिची रचनाच तशी असते. छपरावर पॅनेल आहेत म्हणून निर्धास्त असलेल्या किती घरांना हे माहीत असते? बॅटरी असेल तर तिचा हिशेबही करून ठेवावा. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर 1,800 वॅट-तास असतात, पण ती निम्म्याच्या खाली उतरवत गेली की लवकर मरते, म्हणून हाती 900. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास म्हणजे 180. फ्रीजला दिवसाला हजाराच्या आसपास. दिव्यांना ती पाच रात्री पुरेल, फ्रीज लावला तर एकही नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याने स्वतःची सोय केली तो सार्वजनिक व्यवस्थेसाठी भांडणे सोडून देतो, आणि साठेबाजीने इतरांच्या तोंडचा घास जातो. पहिल्या भागात धोका खरा आहे. स्वतःच्या टाकीत पाणी असलेला माणूस गावच्या नळयोजनेच्या बैठकीला जाईनासा होतो, हे होऊ शकते. पण साठा कधी केला यावर साठेबाजी ठरते. संकट आल्यावर दुकानातली शेवटची पोती उचलणे म्हणजे शेजाऱ्याचे हिरावणे. सुगीत, माल मुबलक असताना केलेली बेगमी म्हणजे संकटात त्या दुकानासमोरच्या रांगेतून एक घर कमी करणे. 17 जानेवारी 1995 ला पहाटे जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. बचाव पथके पोहोचेपर्यंत तास गेले होते. त्यात पथकांचा दोष नव्हता, सगळीकडे एकाच वेळी घरे पडली की कोणतीही पथके पुरत नाहीत. अशा सकाळी ज्याच्याकडे पहार, जॅक, करवत आणि भरलेला पाण्याचा पिंप आहे तो समाजापासून तुटलेला असतो का? तोच तर पहिला बचावकर्ता असतो.

जानेवारी 1998 मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात बर्फाळ पावसाने विजेचे मनोरे कोसळले आणि काही भागांत महिनाभर वीज आली नाही. दुग्धशेती करणारी ही कुटुंबे जमिनीवर राहणारी, कष्टाळू, कुशल. पण दूध यंत्राने काढायचे आणि यंत्राला वीज हवी. गाय वेळेवर पिळली नाही तर कास दाटते, दगडी होते. तेव्हा एक जनरेटर एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात फिरवत अनेकांनी आपली जनावरे वाचवली. मला या उदाहरणात दोन्ही बाजूंचे उत्तर सापडते. ज्याच्याकडे यंत्र होते त्याने ते स्वतःसाठी घेतले होते, आणि उपयोगी पडले ते वाटून घेतल्यामुळे. वाटून घेण्यासाठी कोणाकडे तरी असावे लागते. म्हणून पाच शेजारी घरांनी पाच जनरेटर घेण्याऐवजी दोन घ्यावेत, उरलेल्यांत एकाने मोटार काढायचा तिकाटणा, एकाने लांब शिडी, एकाने प्रथमोपचाराचे शिक्षण घ्यावे, आणि कोणाकडे काय आहे हे कागदावर असावे. सार्वजनिक व्यवस्थेची मागणीही तितक्याच जोराने चालू राहिली पाहिजे. सप्टेंबर 2017 मधल्या मारिया वादळानंतर कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावर शेवटच्या घरांपर्यंत वीज पोहोचायला जवळपास अकरा महिने लागले. कोणत्याही घराच्या साठ्याने अकरा महिने भागत नसतात, आणि बहात्तर तासांच्या सरकारी यादीनेही नाही.

धान्याबद्दल थोडक्यात, कारण शेतावरच्या घराला ते बहुतेक ठाऊक असते. माणशी रोज 450 ग्रॅम धान्य, 80 ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि 30 ग्रॅम तेल यांतून सुमारे 2,100 कॅलरी मिळतात. पाच माणसांच्या महिन्याला साधारण 68 किलो धान्य, 12 किलो डाळी, साडेचार किलो तेल. कष्टाचे काम करणाऱ्याला याहून जास्त लागते. बिघडते ते ओलाव्याने. दाणा 12 टक्क्यांच्या आत वाळलेला हवा. कोरड्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्य कोठीत भरण्याजोगे नाही. पीठ आणि तेल खवट होतात, म्हणून साठा दाण्याचा असावा, आणि हाताने फिरणारे जाते किंवा चक्कीही हवी. एक गोष्ट जाणकारही विसरतात: कडधान्य शिजवायला पाणी आणि सरपण भरपूर जाते. भिजवून, दहा मिनिटे खळखळून उकळून, भांडे घोंगडीत किंवा भुश्श्याच्या खोक्यात घट्ट बंद केले तर उरलेले बरेचसे शिजणे आपोआप होते. राजम्याच्या जातीची कडधान्ये न उकळता नुसती मंद आचेवर ठेवली तर पोट बिघडते, म्हणून ती दहा मिनिटे चुकवू नयेत. जनावरांचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा. चारशे किलोच्या दुभत्या गाईला रोज 12 किलो कोरड्या वजनाचा चारा लागतो, महिन्याला 360 किलो, तोही पूररेषेच्या वर रचलेला. आणि गोठ्यात दावे बांधायचे ते एका हिसक्यात सुटणाऱ्या गाठीने. पुरात जनावरे बुडतात त्यात पोहता येत नाही हे कारण क्वचितच असते, बहुतेकदा ती बांधलेली राहतात.

माझा शेवटचा मुद्दा वस्तूंचा नाहीच. बहुतेक स्वावलंबी घरांत सगळे ज्ञान एकाच डोक्यात असते. मोटारीचा स्टार्टर कसा बदलायचा, कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे, कोणती गाय कोणाच्या हाताला दूध देते, आजोबांची रक्तदाबाची गोळी कोणती, हे एकालाच माहीत, आणि तोच माणूस त्या दिवशी पुलापलीकडे अडकलेला असू शकतो. यावर एकच उपाय मला माहीत आहे. वर्षातून दोनदा, एकदा कडक उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात, सकाळी घराचा मेन स्विच बंद करावा आणि दुसऱ्या सकाळपर्यंत चालू करू नये. पहिल्याच वेळी कळते की दोर दोन मीटर कमी आहे, पोहऱ्याच्या झडपेचे रबर वाळून तडकले आहे, टॉर्चमधले सेल फुटून आत गंजले आहेत, शेजाऱ्याचा नंबर फक्त बंद पडलेल्या फोनमध्येच आहे, आणि यंत्राची सवय झालेली गाय हाताला लाथ मारते. सापडेल ते स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावलेल्या कागदावर लिहावे. त्या दिवशी घरातल्या सर्वांत जाणत्या माणसाने ओट्यावर बसून राहावे, कशालाही हात लावू नये, आणि आपल्याला दिवसभरात कितीदा विचारायला आले ते मोजावे.